डी सेफ असते

२८ मार्च, शुक्र.
आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सगळं बदललं. हर्षालीचा फोन आला. आठ महिन्यांनी.

दुकानात झेरॉक्सला लाइन लागलेली. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर काढायच्या होत्या, मी एक उलटी काढली. शेठ ओरडले. ऐकूच आलं नाही.

कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. ती सरळ म्हणाली, "प्रथमेश, जुन्या कॉम्प्युटरचं तुला कळतं ना? घरचा पार मेलाय. चालू व्हायला वीस मिनिटं घेतो."

मी म्हटलं, "नवीन घ्या की. जमिनी आहेत तुमच्याकडे."

आठ महिन्यांनी पहिलं वाक्य, आणि ते हे. मूर्ख.

ती म्हणाली, "त्यात बयचे धवले आहेत."

मी झेरॉक्स तशीच सोडून दुकानाबाहेर आलो.

रविवारी तिच्या घरी, दिव्याला जायचं ठरलं. पाडवा आहे, चालेल म्हणाली.

३० मार्च, रवि. पाडवा
दिवा पूर्व, गावातलं घर. आजूबाजूला सात-सात मजले उभे राहिलेत, मध्ये ह.चं घर तेवढं बसकं राहिलंय. दारात गुढी.

बय म्हणजे ह.ची आजी, तिच्या पप्पांची आई. धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीचा वेगळा धवला असतो, तो म्हणणारी. बयने चाळीस वर्षं म्हटले. दिव्यापासून पार टिटवाळ्यापर्यंत तिला बोलवायचे. दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं. बोलता येत नाही, लिहायला कधी शिकलीच नव्हती.

झटक्याच्या आधी एका उन्हाळ्यात पप्पांनी बँडवाल्या मित्राचा माइक आणून तिचे सगळे धवले कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केले. एकसष्ट. दुसरीकडे कुठेच नाहीत. फाइली एवढ्या मोठ्या की पेनड्राइव्हवर घ्यायला गेलं की मशीन अडकतं. ह. एका वहीत त्यांचे शब्द उतरवून घेतेय. वीस झालेत. पुढचं ऐकायचं तर मशीन चालत नाही.

पप्पा म्हणाले, "मना त्यातला काय समजत नाय. पन त्यान माझे बयचा आवाज हाय. एवरा सांबाल."

अक्षय्य तृतीयेला ह.च्या भावाचं लग्न. आदल्या दिवशी हळद. डीजेवाल्याला पप्पांनी सांगून ठेवलंय, आधी स्पीकरवर बय, मग तुझा धिंगाणा.

मी म्हटलं, करतो. ह.ने चहा आणून दिला. साखर कमी. लक्षात होतं तिच्या.

१ एप्रिल, मंगळ.
मशीन घरी आणलं. पलंगाखाली जागा केली.

ड्युअल कोअर, दोन जीबी रॅम, १६० जीबीची डिस्क. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या दुकानातून जोडून आणलेलं, तेव्हा ह. शाळेत होती. नवीन विंडोज यावर चढणारच नाही. म्हणजे लिनक्स. हलकं.

हलकं म्हणजे कुठलं? दुपारभर वाचतोय. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे प्रकार, ढीगभर: मिंट, लुबुंटू, पपी, अँटीएक्स, बोधी... प्रत्येक जण म्हणतो नवशिक्यांसाठी हेच. बत्तीस बिट की चौसष्ट बिट? एलएक्सक्यूटी की एक्सएफसीई? सेकंड इयरपर्यंत कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलेला मुलगा आणि हे माहीत नाही. शिकवलंच नव्हतं. किंवा शिकवणार होते, त्याच्या आधीच मी

जाऊ दे.

नाही, लिहितोच. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "जर्नल दुसऱ्याने लिहिलंय का?" मीच लिहिलेलं. पाच रात्री जागून. मी जर्नल खिडकीतून बाहेर फेकलं. तिसरा मजला. प्रिन्सिपॉल म्हणाले माफी माग. नाही मागितली. बाहेर ह. उभी होती. म्हणाली, "दोन शब्द बोल ना, मिटेल." मी तिला म्हटलं, "तू पण त्यांच्यातलीच."

कॉलेज सोडलं ते सोडलं. तिला ते कशाला बोललो.

३ एप्रिल, गुरु.
तळमजल्यावरचे लिमये काका. बँकेतून रिटायर. पंधरा वर्षं लिनक्सच वापरतात. जमलं तर फ्रीजमध्ये पण टाकतील. आईने पोळ्यांचा डबा द्यायला खाली पाठवलं, तर विषय काढला.

"डिस्ट्रो म्हणजे चप्पल आहे रे," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या मापाने घ्यायची नाही. आधी सांग, त्या मशीनवर करायचंय काय?"

"गाणी ऐकायची, मराठी टाइप करायचं, थोडं इंटरनेट."

"मग मिंट नको, तुझं मशीन धापा टाकेल. लुबुंटू जेमतेम. पपी नाहीतर अँटीएक्स. आणि पहिले आठ दिवस नुसतं पेनड्राइव्हवरून चालव. डिस्कला हात लावायचा नाही. गाणी आधी बाहेर काढून घे."

"गाणी डीमध्ये टाकतो ना. डी सेफ असते."

"डी म्हणजे काय, ते माहितीये का तुला?" हसत म्हणाले. "कॉलेज पुरं केलं असतंस तर कळलं असतं. हे बघ, डी म्हणजे..."

पुढचं ऐकलंच नाही. डोकं सटकलं. "तुमच्या चपला तुम्हीच घाला," म्हटलं आणि वर आलो. आईचा डबा पण तिथेच राहिला.

५ एप्रिल, शनि.
दुकानातल्या नेटवरून पपी डाउनलोड केलं, आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवलं. एफ-बारा दाबून पेनड्राइव्हवरून चालू. अर्ध्या मिनिटात कुत्र्याचं चित्र आणि डेस्कटॉप! सगळं रॅममध्ये चालतं, डिस्क लागतच नाही. त्या मशीनचा फॅन इतका शांत मी ऐकलाच नव्हता.

सी वेगळी दिसते, डी वेगळी. दोन चित्रं, शेजारी शेजारी. डीमध्ये गेलो. धवले तिथे नव्हते, विंडोजच्या डेस्कटॉपवर पडलेले, म्हणजे सीमध्ये. ह.ला फोन करून सांगितलं, तुमच्या घरी कोणाला काही कळत नाही, इतकी महत्त्वाची गोष्ट कोणी सीमध्ये ठेवतं का. हसली. म्हणाली, "म्हणून तर तुला बोलावलं."

सगळ्या एकसष्टांची नावं कागदावर टिपली आणि कट करून डीमध्ये पेस्ट केले. अख्खी दुपार लागली. कॉपी नाही, कट. जागा वाचावी म्हणून.

एक ऐकला. सुरुवातीला पप्पा विचारतात, "बय, ह्यो कंचा गो?" बय सांगते कधी म्हणायचा. मग खाकरते. मग तो आवाज... मला आगरी नीट कळत नाही. तरी हातातलं काम थांबलं.

इथेच थांबायला हवं होतं. (हे वाक्य नंतर घातलंय.)

७ एप्रिल, सोम. दुकान बंद
पपी चांगलं आहे, पण दिसायला खेळण्यासारखं. ह.समोर न्यायचं तर खरंखुरं काहीतरी हवं. डिस्कवर बसवलेलं.

मिंट घेतलं. काका नको म्हणाले म्हणूनच घेतलं असेल.

इन्स्टॉल करताना विचारतं, डिस्क पुसून टाकायची का. हो. म्हणजे सी, विंडोजवाली. दुकानात रोज गिऱ्हाइकांना मीच सांगतो: विंडोज सीमध्ये, तुमचं सामान डीमध्ये, फॉरमॅट मारला तरी डी सेफ असते. लहानपणापासून हेच ऐकलंय. जोडून देणारे सगळे दुकानदार हेच सांगायचे.

खाली बारीक अक्षरात आणखी काही लिहिलेलं. कंटिन्यू.

सुंदर दिसतं. पण ब्राउझर उघडला की रॅम भरते आणि माउस चिकटून बसतो. यात मिंटचा काय दोष, दोन जीबीत माणूस तरी किती धावणार.

९ एप्रिल, बुध.
मिंट काढून लुबुंटू. परत डिस्क पुसली. बरं चालतं. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत होते, फॉन्ट टाकल्यावर नीट झालं. ह.ला मराठीत मेसेज टाइप करून त्याचा फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. मग पाच मिनिटांनी: "छान."

अख्खा दिवस त्या "छान"वर गेला.

११ एप्रिल, शुक्र.
लुबुंटू काढून अँटीएक्स. तिसऱ्यांदा. हे पळतं. पन्नास सेकंदांत चालू. थीम बदलली, वॉलपेपर म्हणून दिव्याच्या खाडीचा फोटो टाकला. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं गेलेलो तेव्हाचा. ती ओळखेल.

बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "हे तरी पुरं कर." मी म्हटलं, केलंय. एवढंच बोलणं. पण बोलले.

धवले एकदा उघडून बघावेत असं एकदाही मनात आलं नाही. डीमध्ये आहेत ना.

१३ एप्रिल, रवि.
घरी आल्या आल्या लिहितोय.

सीपीयू गोणपाटात बांधून दिव्याला नेला. पप्पांनी शेजारचे दोघं बोलावून आणलेले. बयची खुर्ची कॉम्प्युटरसमोर ठेवलेली, नवं लुगडं नेसवून बसवलेली. बटण दाबलं. खाडीचा फोटो आला. ह.ने माझ्याकडे बघितलं. ओळखला.

पप्पा म्हणाले, "आयला! कालपरेंत गाढव होता, आज घोरा झाला." शेजाऱ्याला म्हणाले, "पोरगा हुशार हाय. कॉलेज सोरलान ता सोरलान." माझ्या पाठीवर हात ठेवला. जड हात. तिथेच ठेवला.

ह. म्हणाली, "पहिला लाव. मांडवाचा."

फाइल मॅनेजर उघडला. डी नव्हती.

परत बघितलं. बंद करून उघडलं. होम, डाउनलोड्स, म्युझिक. सगळं रिकामं. डी ड्राइव्ह नावाचं काहीच नाही. एकच डिस्क, १६० जीबी, जवळपास सगळी मोकळी.

पप्पांचा हात अजून पाठीवर.

मी म्हटलं, "साउंडचा ड्रायव्हर राहिला. घरी नेऊन टाकतो. दोन दिवस."

"हा हा, घेऊन जा. घाई नाय. हलदीपरेंत दे."

ह. म्हणाली, "बघ, सांगितलं होतं ना पप्पा, तो नीट करूनच देईल."

बय स्क्रीनकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

१४ एप्रिल, सोम.
कळलं. इतकं सोपं होतं.

सी आणि डी वेगळ्या डिस्क नसतात. एकच डिस्क. दुकानदार तिच्यावर रेघ मारून दोन खोल्या करून देतात. विंडोज परत टाकलं की एक खोली धुतली जाते, दुसरी तशीच राहते. म्हणून डी सेफ. पण मी खोली नाही धुतली. मी घर पाडलं. तीनदा.

लिमये काका हेच सांगत होते. "डी म्हणजे..." एक वाक्य. अर्धं मिनिट थांबलो असतो तर.

शोधून एक रिकव्हरीचा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर डाउनलोड केला. मग वाचलं की त्या डिस्कवर आता एक अक्षरही लिहायचं नसतं, जे लिहाल ते जुन्याच्या डोक्यावर बसतं.

काहीच न करणं मला कधी जमलंय.

१६ एप्रिल, बुध.
काकांकडे गेलो. दारात उभा राहिलो. त्यांनी आईचा डबा घासून दारामागेच ठेवलेला, तो हातात दिला आणि "ये" म्हणाले. बस, "ये".

सगळं सांगितलं. साउंड ड्रायव्हरचं सोडून. मग तेही सांगितलं.

मला वाटलं आता कॉलेज निघणार. नाही निघालं. म्हणाले, "मशीन चालू आहे?" हो. "पळ. वायर काढ. शटडाउन पण करू नकोस, सरळ वायर." मी पळालो.

मग स्वतः वर आले, गुडघा धरत, तीन मजले. बरोबर त्यांची बाहेरची डिस्क. पपीवाला पेनड्राइव्ह लावला. डिस्कला हात न लावता नुसती वाचायची, आणि सापडेल ते बाहेरच्या डिस्कवर काढायचं. त्यांनी एक काळी खिडकी उघडली आणि आकडे सरकायला लागले.

"सगळं नाही मिळणार," काका म्हणाले. "तीनदा पुसलंयस. जेवढं वर लिहिलं गेलं तेवढं गेलं. बाकी नशीब."

आईने दोघांना पोहे दिले. काकांनी लिंबू मागितलं. जगात काही झालंच नाही असं.

१८ एप्रिल, शुक्र.
फाइली येतायत. नावं नाहीत, नुसते आकडे. त्यात विंडोजचे टिंग-टाँग आवाज शेकड्यांनी. प्रत्येक उघडून ऐकायची. दुकानातून आल्यावर कानात हेडफोन. शेठला सांगून अर्धा दिवस सुट्टी.

टिंग. टाँग. टिंग.

मग एकदम, "बय, ह्यो कंचा गो?"

ओरडलोच. आई पीठ लागल्या हाताने धावत आली. तिला पण एक हेडफोन दिला. ती ऐकत उभी राहिली, पीठ वाळेपर्यंत. म्हणाली, "कोण रे ही? दम केवढा आहे बाईचा."

मी सांगितलं कोण ते. आणि काय केलं तेही. आई आत गेली. थोड्या वेळाने आतून: "त्यांना सांगितलंस?"

२१ एप्रिल, सोम.
संपलं. जेवढं मिळायचं तेवढं मिळालं.

अडतीस पूर्ण. तेवीस गेले. त्या तेविसांतले सहा अर्धे: पप्पा विचारतात, बय नाव सांगते, खाकरते, आणि मग नुसती खरखर. खाकरून गाणं सुरू होणार आणि खरखर. हे सहा मी परत परत ऐकले. का, माहीत नाही.

हळदीचे पाच होते. दोन उरलेत.

रोज ह.चा फोन. "झाला ड्रायव्हर?" "होतोय." किती सहज बोलतो मी. जर्नल स्वतः लिहिलेलं, तेव्हा खोटा ठरलो म्हणून तिसऱ्या मजल्यावरून फेकलं. आता खरंच खोटा आहे तर आवाज पण चढत नाही.

२३ एप्रिल, बुध.
ह.ला भेटायला बोलावलं. फडके रोडचा कोपरा, दुपारी. तिच्या हातात लग्नाच्या खरेदीच्या पिशव्या. खुश होती. भावाच्या साफ्याचा रंग दाखवला. मी सांगितलं. उभ्या उभ्या, रस्त्यावर, एका दमात.

तिने पिशव्या खाली ठेवल्या.

"किती?"

"तेवीस."

"कुठले?"

यादी काढली होती, दिली. बोट ठेवून वाचत गेली, एकेक. एका ठिकाणी बोट थांबलं. "हा मी उतरवलाच नव्हता. लांब आहे म्हणून शेवटी ठेवलेला."

मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं. मी म्हटलं, "काहीतरी बोल. शिव्या दे."

"तुला शिव्या दिल्या की तुझं काम होतं, नाही?" ती म्हणाली. "तू चिडणार, निघून जाणार, मग आठ महिने मी वाट बघणार. नको."

वाट बघणार. म्हणजे बघत होती. आणि हे मला आज कळतंय, यादीच्या कागदावर.

उसाच्या रसवाल्याने दोनदा विचारलं. शेवटी तीच म्हणाली, "पप्पांना नाही सांगायचं. आपल्याकडे अडतीस आहेत. हळदीला दोन पुरे, मग डीजेच वाजणार. पप्पा मोजत नाहीत. धवल्यांची वही मी लपवून ठेवते, त्यात गेलेले पण आहेत. पुढचं पुढे."

"खोटं बोलायचं?"

"तू बोलतोच आहेस की दहा दिवस." मग हळू: "पप्पा पहिल्यांदा तुझं नाव चांगलं घेतायत प्रथमेश. लग्नाची पत्रिका तुझ्या घरी स्वतः द्यायला येणार आहेत. सांगितलंस तर मला तुझ्याशी बोलू पण देणार नाहीत. कळतंय?"

"आणि बय?"

"बय बोलू शकत नाही."

ती हे मला धीर द्यायला म्हणाली. म्हटल्यावर दोघांनी ऐकलं, काय म्हटलं ते. तिने पिशव्या उचलल्या. रिक्षात बसेपर्यंत वर बघितलं नाही.

२५ एप्रिल, शुक्र.
पप्पा खरंच आले. पत्रिका, अक्षता, पेढे. बाबांशी तासभर बोलले, मिठागरं कशी होती, आता तिथे कुठला टॉवर आहे. बाबा हसले. माझ्या घरात, माझ्यामुळे आलेल्या माणसाशी, बाबा हसले.

जाताना मला म्हणाले, "वाजतं का र आता?"

"वाजतं."

खोटं नाही. वाजतं. जेवढं आहे तेवढं.

"बय रोज इच्यारते. हात असा करते." त्यांनी डावा हात कानाकडे नेऊन दाखवला. "हलदीच्या सकाली आन. तिचे म्होरं लाव आधी. सगले लाव, बसूंदे तिला ऐकत."

सगळे लाव.

आईने माझ्याकडे बघितलं. मी पेढा तोंडात घातला.

२७ एप्रिल, रवि.
मशीन तयार आहे. या वेळी काकांबरोबर बसून. अँटीएक्सच ठेवलं, मशीनच्या मापाचं तेच. धवले डिस्कवर, काकांच्या डिस्कवर आणि नव्या पेनड्राइव्हवर. तीन ठिकाणी. शहाणपण आलं, पण कुठल्या वेळी.

काकांना विचारलं, "तेवीस धवले गेलेत हे कोणाला कळेल का हो?"

"माहीत असलेल्याला कळेल," म्हणाले. एवढंच. चष्मा पुसत बसले.

माहीत असलेली एकच आहे. एकसष्टच्या एकसष्ट तिच्या डोक्यात आहेत. मी एकामागून एक लावणार, ती ऐकणार. हळदीचा पहिला, दुसरा. तिसऱ्याची वाट बघणार. तो येणार नाही. डावा हात वर करेल. घरातले म्हणतील, बयला आवडलं, बयला रडू आलं. ती सांगणार कोणाला? कसं? जन्मभर तेवढंच केलं बाईने, आणि ते कमी झालंय हे तिला एकटीला माहीत. तोंड बंद.

आणि मी समोर पेढे खात.

ह.चा मेसेज: "सगळं नीट होईल. परवा ये. निळा शर्ट घाल." पुढे एक हार्ट. आठ महिन्यांतलं पहिलं. एका हार्टसाठी मी अर्धं आयुष्य द्यायला तयार होतो. द्यायचं कोणाचं, हे ठरलं नव्हतं.

२८ एप्रिल, सोम. दुकान बंद
ह.ला फोन केला. म्हटलं, मी सांगणार आहे. बयला आणि पप्पांना. उद्या, गाणी लावायच्या आधी.

"हळदीच्या दिवशी?"

"तिच्यासमोर लावायचं ते उद्याच आहे."

"हे पण तू चिडूनच करतोयस. स्वतःवर चिडलायस म्हणून आमच्या घरावर काढतोयस."

खरं असेल. मला नाही ठरवता येत. जर्नल फेकताना पण आतून बरोबरच वाटत होतं. आता तसं काही वाटत नाही. कदाचित फरक हाच असेल, कदाचित नसेल.

म्हटलं, "तू सांगू नको म्हणालेलीस हे मी कुणाला सांगणार नाही."

"तुला वाटतं मला त्याची काळजी आहे?" फोन ठेवला.

परत केला. उचलला नाही. परत. नाही.

२९ एप्रिल, मंगळ. सकाळ
सीपीयू गोणपाटात बांधला. मॉनिटर तिथेच आहे. पेनड्राइव्ह खिशात. गेलेल्या तेविसांची यादी पण घेतली, बयला वाचता येत नाही तरी. मी वाचून दाखवेन. नाव घेतलं की ती मान हलवेल, हा गेला, हा गेला. एवढं तरी तिला कोणीतरी सांगायला हवं, कुठले ते.

काय बोलायचं ते तीनदा कागदावर लिहिलं. "मला माहीत नव्हतं" असं सुरू केलं, खोडलं. माहीत करून घेतलं नव्हतं. "चुकून" पण खोडलं. शेवटी दोन ओळी उरल्या. तेवढ्याच बोलेन. मग पप्पा म्हणतील ते. बाहेर हो म्हणाले तर बाहेर. मारलं तर मारलं. उलट बोलायचं नाही. हे एवढं जमलं तरी खूप.

आणि मग सहा अर्धे धवले? ते लावायचे की नाही? खाकरते आणि खरखर. तिला ऐकवणं बरं की न ऐकवणं... ठरत नाही. तिला विचारेन. डावा हात आहे.

आई म्हणाली, "जेवून जा." नको म्हटलं. "तिकडे तुला जेवायला मिळेल असं वाटत नाही," असं म्हणून तिने दोन पोळ्या गुंडाळून हातात कोंबल्या. बाबा पेपरमागे. पेपर खाली केला, गोणपाटाकडे बघितलं, "धरू का खालपर्यंत?" म्हणाले. मी म्हटलं, नको, मी नेतो.

फोन थरथरतोय. "ह." उचलला तर जाणार नाही मी, मला माहितीये. मेसेज दिसतोय अर्धा: "प्रथमेश ऐक, पप्पांनी बयला आत्ताच अंघोळ घालून बाहेर..." पुढचं उघडलं नाही.

वही इथेच बंद करणार होतो, पण जिन्यात उभा राहून एवढं लिहितोय. डाव्या हातात गोणपाट, वही कठड्यावर. बाहेर पडलो. दार मीच ओढून घेतलं. आपटलं नाही. हळू लावलं, कडी बसेपर्यंत धरून ठेवलं.